गोव्यात पक्षी पाहायला दुर्बीण कोणती घ्यावी, एकाच पॉवरची की झूमची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीचे दिवस सुरू झाले की आम्ही काही जण सकाळी साडेसहाला रायबंदरच्या फेरीधक्क्यावर जमतो आणि फेरीबोटीने चोडणला जातो. दर वेळी कुणीतरी नवीन येतं. फेरी पलीकडे लागायच्या आतच त्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ दुसरा प्रश्न त्याला जोडूनच असतो, ‘झूमची घेतली तर बरी ना?’ मी स्वतः पहिली दुर्बीण झूमची घेतली आणि पक्षी पाहण्याचा एक अख्खा हंगाम त्यात घालवला. म्हणून या प्रश्नांची उत्तरं मी सविस्तर देतो. चोडण, बोंडला, मोले, करमळी आणि मोरजी इथे जे अनुभवलं त्यावरून ती लिहिली आहेत.

वेळ नाही. एका वाक्यात सांगा, काय घेऊ?

८×४२, झूम नसलेली, पाणी आत न शिरणारी. पुढे तळ्यांचा आणि किनाऱ्यांचा नाद लागलाच तर तिकाटण्यावरचा (ट्रायपॉडवरचा) स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एकाच नळीची मोठी दुर्बीण, घ्या. तो मात्र झूमचा चालेल. असं का, ते खाली येईलच.

८×४२ म्हणजे नेमकं काय?

पहिला आकडा पॉवर. ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असावा तसा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. झूमच्या दुर्बिणीवर पहिल्या आकड्याच्या जागी दोन आकडे असतात, जसं की ८–२४×२५. म्हणजे पॉवर आठपासून चोवीसपर्यंत बदलता येते आणि पुढचं भिंग पंचवीस मिलिमीटरचं आहे.

दुकानात सगळे पहिल्या आकड्याकडे पाहतात. तुम्ही दुसऱ्याकडे आधी पाहा. प्रकाश त्याच दारातून आत येतो. ऑनलाइन काही दुर्बिणींवर ‘१८०×१००’ असलं काहीतरी छापलेलं असतं आणि हातात घेतल्यावर पुढचं भिंग पाच रुपयांच्या नाण्याएवढं निघतं. ते आकडे खोटे असतात, त्या वाटेला जाऊच नका.

झूम असेल तर एकाच दुर्बिणीत दोन्ही सोयी झाल्या की! जंगलात आठ, तळ्यावर चोवीस. यात वाईट काय?

कागदावर काहीच वाईट नाही. मीही असाच विचार केला होता.

पहिली अडचण नळ्यांची. दुर्बीण म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन दुर्बिणी. दोन्ही डोळ्यांना येणारी चित्रं तंतोतंत एकसारखी असली तरच मेंदू त्यांचं एक चित्र करतो. पॉवर ठरलेली असेल तर कारखान्यात दोन्ही नळ्या एकदा जुळवल्या की काम झालं. झूममध्ये तुम्ही दांडी फिरवता तशी दोन्ही नळ्यांतली भिंगं आत सरकतात, आणि ती अगदी बरोबरीने सरकायला हवीत. स्वस्त दुर्बिणीत ती पातळ पट्टीने किंवा दातेरी चाकाने जोडलेली असतात. त्यात जरा ढिलाई आली की डाव्या डोळ्याला सोळा पट आणि उजव्याला साडेपंधरा पट दिसू लागतं. तुम्हाला ते जाणवत नाही. डोळ्यांचे स्नायू ते ओढून ओढून जुळवत राहतात आणि अर्ध्या तासाने कपाळ ठणकायला लागतं. माझ्या पहिल्या हंगामात मला वाटायचं की उपाशीपोटी ऊन लागतंय. तसं नव्हतं. एकदा सोबतच्या काकांची साधी दुर्बीण तासभर वापरली आणि डोकं दुखलंच नाही, तेव्हा उलगडा झाला.

दुसरी अडचण चौकटीची. चांगल्या ८×४२मधून साधारण आठ अंशांचं दृश्य दिसतं. जंगलात पक्षी पंचवीस मीटरवर असेल तर साडेतीन मीटर रुंदीचा तुकडा एका नजरेत येतो. म्हणजे जवळजवळ एक अख्खी फांदी, पानांसकट. झूमच्या बऱ्याच दुर्बिणी सगळ्यात कमी पॉवरलाही चार अंशांच्या आसपासच दाखवतात, म्हणजे पावणेदोन मीटर. पॉवर वाढवली की ते अजून आकसतं. बोंडल्याच्या दाट झाडीत पाने हलताहेत, शीळ ऐकू येतेय, आणि तुम्ही बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखे हिरव्या पानांमागून पानं शोधत बसता. तोवर पक्षी उडालेला असतो.

तिसरी अडचण उजेडाची, आणि गोव्यात तीच सगळ्यात मोठी.

उजेडाची काय भानगड? दिवसाच तर पाहतो आपण.

पक्षी सकाळी सहा ते नऊ या वेळात हलतात आणि आपली जंगलं तेव्हा काळोखी असतात. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराच्या आवारात लख्ख उजेड असतो, पण ओढ्याच्या बाजूने झाडीत दहा पावलं आत जा. सूर्य वर आला तरी खाली संधिप्रकाशच असतो.

दुर्बीण हातभर लांब धरा आणि मागच्या भिंगात पाहा. तिथे प्रकाशाचं एक छोटं गोल वर्तुळ दिसेल. त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. त्याचं माप काढणं सोपं आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. तुमच्या डोळ्याची बाहुली उन्हात दोन-तीन मिलिमीटर उघडी असते आणि सावलीत चार-पाचच्या पुढे जाते. तरुणपणी काळोखात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढतं तशी ती कमी उघडू लागते. दुर्बिणीतून येणारं वर्तुळ बाहुलीपेक्षा लहान असेल तर चित्र अंधारं दिसतं. डोळा मागतोय तेवढा प्रकाश दुर्बीण देऊच शकत नाही.

आता हेच गणित ८–२४×२५ला लावा. चोवीस पॉवरला वर्तुळ एक मिलिमीटरचं उरतं. क्षेत्रफळाने ते ८×४२च्या वर्तुळाचा जेमतेम पंचविसावा हिस्सा झालं. त्या वर्तुळात कर्णा पक्षी बसवून पाहा. कर्णा म्हणजे मलबार ट्रोगॉन, आपल्या सह्याद्रीतला. नराचं पोट भडक लाल, छातीवर पांढरा पट्टा, आणि सवय अशी की सावलीतल्या फांदीवर न हलता बसायचं. ८×४२मध्ये ते लाल पोट काळोखातून पेटल्यासारखं दिसतं. माझ्या झूममध्ये तो करड्या रंगाचा एक उभा ठिपका होता. तो कर्णा आहे हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.

रायफलींवरच्या दुर्बिणी तर सर्रास झूमच्या असतात. त्या चालतात तर ही का नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने खरोखर विचार केलेला असतो.

रायफल स्कोप ही एकच नळी. जुळवायला दुसरी नळीच नाही, त्यामुळे वर सांगितलेली पहिली अडचण तिथे उद्‌भवतच नाही. जिथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे अशा देशांत आज सगळ्यात जास्त ३–९×४० या मापाचा स्कोप दिसतो. तीनला झुडपातलं जवळचं जनावर, नऊला माळावरचं लांबचं. त्यांच्याकडेही हा वाद जुनाच आहे. एकाच पॉवरच्या ४× किंवा ६×४२ स्कोपमध्ये भिंगं कमी आणि हलणारे भाग कमी, म्हणून तो हलका आणि दणकट. पूर्वीच्या झूम स्कोपमध्ये पॉवर बदलली की नेमही किंचित सरकायचा, म्हणून जुने शिकारी त्यांच्यावर विश्वास ठेवत नसत. चांगल्या कंपन्यांच्या आताच्या स्कोपमध्ये तो दोष राहिलेला नाही.

झूममुळे तिथे एक वेगळाच गुंता होतो. बऱ्याच स्कोपमध्ये पॉवर वाढवली तरी नेम धरायची मधली फुली तेवढीच दिसते. मग फुलीखालच्या खुणांवरून लांबच्या अंतराचा हिशोब करायचा तर तो एका ठरावीक पॉवरलाच, बहुधा सगळ्यात वरच्या, बरोबर येतो. दुसऱ्या प्रकारात फुलीही चित्राबरोबर लहानमोठी होते. त्यात खुणा कुठल्याही पॉवरला खऱ्या ठरतात, पण खालच्या पॉवरला फुली केसासारखी बारीक होते आणि संध्याकाळी दिसेनाशी होते.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. जर्मनीत मचाणावर बसून संधिप्रकाशात रानडुकराची वाट पाहणाऱ्यांत ८×५६ हा एकाच पॉवरचा स्कोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ५६ भागिले ८ म्हणजे बरोबर सात. पूर्ण उघडलेल्या बाहुलीएवढं वर्तुळ. अंधुक उजेडात रोज पाहणारी माणसं शेवटी जास्त पॉवर मागत नाहीत, जास्त उजेड मागतात. मोल्याच्या जंगलात पहाटे उभे राहणारे आपण त्याच अडचणीत असतो. फरक एवढाच की आपल्याला फक्त पाहायचं असतं.

आजोबांच्या बंदुकीवरची जुनी दुर्बीण घरी आहे. तीच काढून वापरू का?

नको. पहिलं कारण कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं हाही गुन्हा आहे. बंदूक नुसती पाहण्यापुरती खांद्याला लावली, असं वनरक्षकाला सांगता येत नाही. सत्तरीत आणि सांगे-काणकोणच्या बाजूला अशा घरांत जुन्या गोष्टी खूप आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

स्कोप काढून नुसता हातात धरला तरी उपयोग नाही. बंदुकीचा धक्का डोळ्याला लागू नये म्हणून त्यात डोळा तीन-साडेतीन इंच मागे ठेवावा लागतो. हातात धरलेला स्कोप तेवढ्या अंतरावर स्थिर राहत नाही, जरा हलला की चित्र काळं होतं. दृश्य अरुंद, पाहायचं एका डोळ्याने, मध्ये फुली, आणि स्पष्टता बहुधा शंभर यार्डांच्या आसपास जुळवून ठेवलेली. दहा मीटरवरचा खंड्या त्यात नीट दिसणार नाही.

८ घेऊ की १०?

तुमचा हात आणि तुमची जागा पाहून ठरवा. पॉवर वाढते तसं हाताचं थरथरणंही वाढतं. दहापर्यंत बहुतेकांना सांभाळता येतं, बाराला हात थकलेला जाणवतो, आणि पंधराच्या पुढे तिकाटण्याशिवाय पाहणं म्हणजे नुसता मनस्ताप. १०×४२चं वर्तुळ ४.२ मिलिमीटरचं, म्हणजे उघड्यावर पुरेसं, झाडीत थोडं कमी. दृश्यही सहा-साडेसहा अंशांपर्यंत आक्रसतं.

फेरफटका मुख्यतः खाजनं, भातशेतं, सडे आणि तळी यांचा असेल तर १० घ्या, पस्तावणार नाही. बोंडला, मोले, खोतीगाव, नेत्रावळी असं जंगल जास्त असेल तर ८. दोन्ही असेल तरी ८. आमच्यातल्या दोघांनी आधी १० घेतली आणि दोन वर्षांनी ८वर आले. उलट दिशेने गेलेला अजून कुणी भेटला नाही.

चोडणच्या खारफुटीत होडीतून पाहताना जास्त पॉवर लागेल का?

उलट कमी. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं आहे, आणि भरतीच्या वेळी होडी खाडीच्या अरुंद फाट्यांतून अगदी खारफुटीला खेटून जाते. पक्षी जवळ असतात. तिथे अडचण अंतराची नसते, होडीच्या हलण्याची असते. आठ पॉवरलाही कोपर बरगडीला टेकवून धरावं लागतं. मुळांवर बसलेला कॉलर्ड किंगफिशर दिसला की होडीवाल्याला वल्हं थांबवायला सांगा आणि श्वास सोडून मग पाहा. अशा वेळी चोवीस पॉवर लावली तर नुसत्या हिरव्या-निळ्या रेघा दिसतील.

मग झूम कुठेच कामाची नाही का?

आहे. मोरजीच्या वाळूवर आणि करमळीच्या तळ्यावर.

मोरजीला ओहोटीच्या वेळी वाळूवर शेकडो चिखल्ये पसरलेले असतात. सगळे मातकट, सगळे धावणारे, आणि जवळ गेलं की एकदम उडणारे. त्यात छोटा वाळू-चिखल्या कुठला आणि मोठा कुठला हे चोचीची लांबी आणि पायांची ठेवण पाहून ओळखायचं असतं. हिवाळ्यात त्यांचे रंग उतरलेले असतात, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. आठ पॉवरच्या दुर्बिणीने ते होत नाही. कुरवांचं तसंच. पाय पिवळा की गुलाबी, चोचीवर ठिपका कुठे, हे दोनशे मीटरवरून पाहायचं तर तीस पॉवर लागते.

इथे स्पॉटिंग स्कोप लावायचा. एक नळी, तिकाटण्यावर घट्ट, मागे झूमचं आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग. १५–४५×६० किंवा २०–६०×८० ही नेहमीची मापं. वीस पॉवरला अख्खा थवा नजरेखालून घालायचा, वेगळा वाटणारा पक्षी मध्ये आणायचा आणि मग चाळीसपर्यंत चढायचं. याच कामासाठी झूम बनली आहे आणि इथे ती मनापासून आवडते. ८० मिलिमीटरच्या स्कोपला वीस पॉवरला चार मिलिमीटरचं वर्तुळ मिळतं, उघड्या किनाऱ्यावर ते भरपूर झालं. साठला ते १.३ मिलिमीटर उरतं, म्हणून शेवटची वीस पॉवर बहुतेक वेळा नुसती शोभेची. काही जण झूमऐवजी तीस पॉवरचं रुंद दृश्याचं एकच आयपीस लावतात. चित्र सुंदर दिसतं, पण थव्यातून पक्षी शोधून काढायला मला झूमच सोयीची वाटते.

दोन गोष्टी अनुभवाच्या. सकाळी दहानंतर वाळू आणि शेतं तापतात आणि हवा थरथरू लागते. त्या वेळी पॉवर वाढवली की पक्षी नाही, थरथरच मोठी दिसते. पंचवीसवर या किंवा घरी जा. दुसरं म्हणजे तिकाटण्यावर पैसे वाचवू नका. मोरजीच्या वाऱ्यात हलकं तिकाटणं तंबोऱ्याच्या तारेसारखं थरथरतं. तिकाटण्याच्या मधल्या हुकाला पाण्याची भरलेली बाटली टांगली तर फरक लगेच दिसतो.

करमळीला तळ्याच्या बांधावरून अडई, कमळपक्षी आणि थंडीत येणारी तलवार बदकं स्कोपने छान दिसतात. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ साली रामसर यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच. तिथेही स्कोप न्या, पण दुर्बीण गळ्यात असू द्या. एखादी कैकर डोक्यावरून गेली तर स्कोप फिरवेपर्यंत ती जुवारीकडे पोहोचलेली असते.

मला चष्मा आहे. काढून पाहू का?

नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर काढून चालतं, पण चष्मा काढ-घाल करण्यात पक्षी जातो. चष्म्यासकट पाहायचं असेल तर ‘आय रिलीफ’ (मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) पंधरा मिलिमीटर किंवा जास्त असलेली दुर्बीण घ्या आणि डोळ्यापाशीचे रबरी कप आत फिरवून ठेवा. झूमच्या दुर्बिणीत हे अंतर बहुधा कमी असतं, त्यामुळे चष्मेवाल्यांना कडा काळ्या दिसतात.

पोरो की रूफ?

पोरो म्हणजे जुन्या धाटणीची, पुढे रुंद झालेली दुर्बीण. इग्नात्सिओ पोरो नावाच्या इटालियन गृहस्थांनी १८५४मध्ये तिच्या आतल्या प्रिझमचं (चित्र सुलटं करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यांचं) पेटंट घेतलं, त्यांच्यावरून ते नाव पडलं. रूफ म्हणजे सरळ नळ्यांची. कमी पैशांत पोरोचं चित्र जास्त चांगलं मिळतं. पण ती आकाराने बोजड, आणि स्वस्त पोरो बहुधा पाण्यापुढे टिकत नाही. आपल्याकडे वर्षाचे चार महिने पाऊस असतो, म्हणून थोडे पैसे जास्त घालून पाणी न शिरणारी, नायट्रोजन भरलेली रूफ घ्या.

दुकानात हातात घेतल्यावर काय तपासू?

दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. विनंती करून दारापर्यंत या.

आधी दुर्बीण हातभर लांब धरून ती प्रकाशाची वर्तुळं पाहा. ती पूर्ण गोल हवीत. कडा कापल्यासारख्या, चौकोनी किंवा राखाडी दिसत असतील तर आतलं प्रिझम हलक्या काचेचं आहे. चांगल्या दुर्बिणीवर बहुधा ‘बॅक-फोर’ (BaK-4) असं प्रिझमच्या चांगल्या काचेचं नाव लिहिलेलं असतं.

मग समोरच्या इमारतीची गच्चीची आडवी कड पाहा. पाहता पाहता दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच लांब न्या. दोन वर्तुळांमधून ती कड एका रेषेत दिसली पाहिजे. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. दुकानदार काहीही म्हणाला तरी ती दुर्बीण खाली ठेवा. झूमची असेल तर हीच परीक्षा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पॉवरला करा. कमीला जुळलेली कड जास्तला तुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

विजेच्या तारेवर बसलेला कावळा आकाशासमोर पाहा. त्याच्या कडेला जांभळी-हिरवी झालर किती दिसते? थोडी चालते. शेवटी स्वतःच्या पायातल्या चपलेवर फोकस करून पाहा. दोन मीटरवर स्पष्ट होत असेल तर कुळागरातली फुलपाखरंही तुमची झाली.

दहा हजारांच्या आगेमागे नीट शोधलं तर मन भरेल अशी ८×४२ मिळते. त्याच पैशांत मिळणारी झूमची दुर्बीण डब्यावरच्या आकड्यांत भारी आणि भिंगात हलकी असते. पैसे तेवढेच, ते आत कुठे खर्च झाले हा प्रश्न आहे.

पावसाळ्यात दुर्बीण कशी सांभाळायची?

याचं उत्तर मी नुकसान सोसून शिकलो. एका जूनमध्ये मी दुर्बीण तिच्या चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवली, जपून ठेवतोय अशा समजुतीने. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं सामान काढायला कपाट उघडलं तेव्हा ती दिसली. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते, मधोमधपासून कडेपर्यंत. ती बुरशी. कारागिराने उघडून पुसली, पण बुरशीने भिंगावरचा मुलामा खाल्ला होता आणि त्या डागांतून पाहिलेलं सगळं धुरकट दिसायचं.

आपल्या हवेत बुरशी टाळायची तर बंद, काळोखी, दमट जागा टाळा. चामड्याची आणि कापडाची केस पाऊस संपेपर्यंत वेगळी ठेवा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दुर्बीण झाकणं काढून ठेवा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची भुकटी फोकसच्या चाकात जाते. आणि वापरत राहा. आठवड्यातून एकदा बाल्कनीत नेऊन दहा मिनिटं पाहिलं तरी तिला वारा आणि उजेड मिळतो. तसाही पावसात शीळकरी कस्तूर पहाटे गातोच, तो ऐकायला उठावं.

झूमच्या दुर्बिणीबद्दल इथेही एक शब्द. फिरणारी दांडी म्हणजे हवा आत शिरायची आणखी एक फट. त्या बहुधा पाणबंद नसतात, आणि बुरशी त्यांना आधी धरते.

मोरजीहून आल्यावर खारं पाणी लगेच काढा. दुर्बीण खरोखर पाणबंद असेल तर गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, मग मऊ कापड. आधी कोरडं कापड घासलं तर मिठाचे आणि वाळूचे कण भिंगावर रेघा ओढतात.

झूमची आधीच घेतलीय. टाकून देऊ?

नाही. सगळ्यात कमी पॉवरला आणा आणि ती दांडी चिकटपट्टीने बांधून टाका. मी तेच केलं होतं. डोकेदुखी बरीच कमी झाली. उघड्यावरच्या पक्ष्यांना, घारी-बगळ्यांना ती चालून जाते. पुढच्या वर्षी जमेल तेव्हा बदला.

नवी दुर्बीण चांगली आहे, तरी चित्र धूसर दिसतं.

डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारी कडी, जुळवलेला नसेल. उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरचा आकडा लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणी दुर्बीण घेतली की तो बदलणारच.

मुलांना कोणती द्यावी?

६×३० किंवा ८×३२, हलकी. मुलांचे डोळे जवळ असतात, म्हणून दोन नळ्या पुरेशा जवळ येतात का ते पाहा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवा. डोळा कायमचा जातो.

दुर्बीण लावली की पक्षी सापडतच नाही! झूम कमी-जास्त करून सापडेल का?

नाही. याला हाताची सवय लागते. पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही. खाली दुर्बिणीकडे पाहायचं नाही. नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणायची आणि डोळ्यांसमोर लावायची. घरी खिडकीतून समोरच्या माडावरच्या एका ठरावीक नारळावर याचा सराव करा. दिवसाला वीस वेळा, आठवडाभर.

मग बोंडल्याला या, फळं धरलेल्या एखाद्या वडाखाली. आपला राज्यपक्षी, लाल गळ्याचा बुलबुल, तिथे टोळीने येतो. काळं डोकं, पिवळं अंग, गळ्याशी माणकाचा लाल ठिपका. एका फांदीवर तीन-चार सेकंद थांबतो आणि पुढच्या फांदीवर जातो. आठ पॉवर, रुंद दृश्य आणि नजर न हलवता वर आलेली दुर्बीण, एवढं जमलं तर त्या तीन-चार सेकंदांत गळ्याचा लाल रंगच नाही, तर काळ्या डोक्यातला त्याचा पांढरा डोळाही दिसतो.